विरघळले म्हणजे संपले नाही

बालभारतीच्या सहावीच्या सामान्य विज्ञानात ‘पदार्थ सभोवतालचे – अवस्था आणि गुणधर्म’ या नावाचा धडा मुले शिकत आली आहेत. स्थायू, द्रव, वायू; कठीणपणा, ठिसूळपणा, प्रवाहिता, विद्राव्यता, पारदर्शकता. मुले व्याख्या पाठ करतात, जोड्या जुळवतात, रिकाम्या जागा भरतात. चाचणी झाली की धडा संपतो. पालकांनाही तो सोपा वाटतो. मीठ पाण्यात विरघळते आणि वाळू विरघळत नाही, यात शिकण्यासारखे ते काय?

सरकारी रुग्णालयात इतकी वर्षे काम केल्यावर मला हा धडा अजिबात सोपा वाटत नाही. अपघात विभागात येणारे किती तरी रुग्ण याच धड्यातल्या एखाद्या ओळीमुळे आलेले असतात. थंड पेयाच्या बाटलीतले थिनर प्यालेले मूल, विहिरीतला गाळ काढायला उतरलेले दोन भाऊ, भर मे महिन्यात वावरात कोसळलेला मजूर, ओआरएसचे पाकीट अर्ध्या पेल्यात कालवून पाजलेले बाळ. यांच्यापैकी कोणाला दुर्मीळ आजार नसतो. समोरच्या पदार्थाचा एक साधा गुणधर्म ठाऊक नव्हता किंवा ठाऊक असून वेळेवर आठवला नाही, एवढेच कारण असते. म्हणून माझे मत असे आहे की, पदार्थांचे गुणधर्म हा आरोग्यशिक्षणाचा पहिला धडा आहे आणि तो पाठांतराने नव्हे, हाताने शिकवला गेला पाहिजे. त्यासाठी लागणारे साहित्य आपल्या जिल्ह्यात जागोजागी पडले आहे.

लोणारचा गुलाबी रंग

सुरुवात आपल्या लोणारपासूनच करू. बेसाल्ट खडकात उल्कापाताने तयार झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर जगभरातले अभ्यासक पाहायला येतात. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. टाळेबंदीचे दिवस होते. मोबाइलवर फोटो फिरले आणि त्यांच्याबरोबर चमत्कारापासून अपशकुनापर्यंत सगळे अर्थही फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेले ते रंगद्रव्य होते. पाऊस कमी, पातळी खाली गेलेली, क्षारांचे प्रमाण वाढलेले, अशा पाण्यात हे जीव माजले. नमुना काही काळ स्थिर ठेवल्यावर हे सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचे पाणी पारदर्शक झाले, असेही संशोधकांनी सांगितले.

सहावीतल्या मुलासाठी यात एक फार मोलाची गोष्ट आहे. रंग पाण्याचा नव्हता, पाण्यात तरंगणाऱ्या वस्तूचा होता. जे तरंगते ते आज ना उद्या तळाशी बसते किंवा गाळता येते. पण ते वरचे नितळ झालेले पाणी पिण्यासारखे झाले का? मुळीच नाही. त्यातले क्षार जसेच्या तसे होते, कारण ते विरघळलेले होते. विरघळलेली वस्तू बसत नाही, फडक्यात अडकत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही. लोणारच्या काठावरच धारेचे गोड पाणी वाहते आणि खाली सरोवराचे खारे, अल्कधर्मी पाणी आहे. दोन्ही काचेच्या पेल्यांत शेजारी ठेवली तर रंगावरून दोन्ही ओळखणे सोपे जाईलच असे नाही. ताटलीत दोन्हीचे चार-चार चमचे उन्हात वाळवले की फरक लगेच दिसतो. जुन्या काळी या सरोवरातून क्षार काढले जात आणि दल्ला, पापडी, भुसकी अशी त्यांना प्रकारानुसार नावे होती. पाणी आटले की विरघळलेले मागे उरते, हे त्या माणसांना शाळेत न जाता ठाऊक होते.

नितळ पाणी आणि शुद्ध पाणी

आता लोणारहून उत्तरेला, घाटाखाली येऊ. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. आपल्याकडे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतली कितीतरी गावे त्यात येतात. तिथल्या बोअरचे पाणी पेल्यात घेतले तर ते अगदी काचेसारखे दिसते. जीभ मात्र खरे सांगते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एक लिटर पाण्यात एकूण विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे योग्य. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, असे ते मानक सांगते. २,००० मिलिग्रॅम म्हणजे २ ग्रॅम. उन्हाळ्यात शेतात राबणारा माणूस दिवसाला चार-पाच लिटर पाणी सहज पितो. म्हणजे आठ-दहा ग्रॅम क्षार नुसत्या पाण्यातून पोटात जातात. हे सगळे खायचे मीठ नसते, पण खारपाणपट्ट्यात मिठाचा वाटा त्यात मोठा असू शकतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. रक्तदाबाच्या रुग्णाला आम्ही डॉक्टर ‘पापड-लोणचे बंद करा’ असे सांगतो, तो बिचारा बंदही करतो, आणि तांब्यातून जाणाऱ्या मिठाचा हिशेब कोणीच करत नाही. या भागातल्या मूत्रपिंडाच्या आजारांची चर्चा अनेक वर्षे चालू आहे. सगळा दोष पाण्याच्याच माथी मारणे बरोबर नाही. रक्तदाब, मधुमेह, उन्हातले कष्ट, मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या अशी इतर कारणेही असतात. पण पाण्यात काय विरघळले आहे हे कळल्याशिवाय ती चर्चा पुढे कशी जाणार?

घराघरांतला सर्वांत मोठा गैरसमज उकळण्याविषयी आहे. ‘आम्ही पाणी उकळून पितो,’ असे लोक अभिमानाने सांगतात. उकळल्याने जंतू मरतात, त्यामुळे सवय चांगलीच आहे. पण क्षार उकळून उडून जात नाहीत. वाफ होऊन जाते ते पाणी, आणि भांड्यात उरलेल्या पाण्यात क्षारांचे प्रमाण थोडे वाढतेच. तुरटीचेही तसेच. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की माती खाली बसते, विरघळलेले क्षार तिथेच राहतात. क्लोरीनचे थेंब जंतूंसाठी असतात, अतिनील किरणांचे यंत्रही जंतूंसाठीच. विरघळलेले क्षार काढायला आरओसारखी वेगळी पद्धत लागते. आणि लग्नकार्यात, दुकानांत पोहोचणारे थंड पाण्याचे जार? ते थंड असतात, एवढीच त्यांच्याबद्दलची खात्री देता येते. थंडपणा म्हणजे तापमान, आणि शुद्धता ही वेगळी गोष्ट आहे.

लहान बाळांच्या बाबतीत हा गैरसमज जास्त महाग पडतो. खत आणि शेणामुतातून झिरपणारे नायट्रेट पाण्यात सहज विरघळते. त्याला रंग नसतो, वास नसतो. पाण्यातली त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते जास्त असलेल्या विहिरीच्या पाण्यात वरचे दूध कालवून पाजले तर काही महिन्यांच्या बाळाचे रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही आणि बाळ निळसर पडते. अशा वेळी आई ‘पाणी उकळूनच घेतलं होतं’ असे सांगते आणि ते खरेही असते.

डोळ्यांवर किती विसंबावे, याचा एक धडा आपल्या जिल्ह्याला नुकताच मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. पहिला संशय पाण्यावर गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या अभ्यासात गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवण्यात आले. गव्हातले सेलेनियम दाणा पाहून किंवा पोळी चाखून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणीच लागते.

हवेलाही वजन असते

वायूला वजन असते, हे वाक्य मुले पाठ करतात. पण त्याचा अर्थ गावच्या जुन्या विहिरीपाशी उभे राहून समजावला तर ते जन्मभर लक्षात राहील. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड आहे. पालापाचोळा कुजलेल्या, बरेच दिवस न उपसलेल्या विहिरीत किंवा बंद खड्ड्यात तो तळाशी साचून राहतो. शौचालयाच्या टाकीत आणि शेणखड्ड्यात त्याच्या जोडीला हायड्रोजन सल्फाइड असतो, तोही हवेपेक्षा जड आणि अतिशय विषारी. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते आणि वास येईनासा होतो. म्हणजे वास गेला म्हणून धोका गेला, असे समजणारा माणूस नेमका त्याच वेळी सर्वाधिक धोक्यात असतो.

अशा दुर्घटनांत मन विषण्ण करणारी गोष्ट म्हणजे मृतांची संख्या. पहिला माणूस खाली कोसळतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, भावामागे शेजारी. सगळे माणुसकीपोटी उतरतात. वरून पाहणाऱ्याला खाली काहीच दिसत नाही, कारण वायूला रंग नसतो. जुनी माणसे कंदील खाली सोडून पाहत. ज्योत विझली की उतरत नसत. त्या युक्तीमागे शहाणपण होते, पण ती पुरेशी नाही. ज्योत जळत राहिली तरी विषारी वायू असू शकतो आणि मिथेन असेल तर ज्योतीनेच भडका उडू शकतो. त्यामुळे आजचा नियम एकच: बाहेरून हवेचा पुरवठा असलेले साधन आणि कमरेला दोर असल्याशिवाय कोणीही उतरायचे नाही, कोसळलेल्याला काढण्यासाठीसुद्धा नाही.

हे वर्गात दाखवता येते. एका खोल पातेल्यात दोन मेणबत्त्या लावा, एक बुटकी आणि एक उंच. तळाशी खायचा सोडा टाका आणि त्यावर कडेने लिंबाचा रस किंवा व्हिनेगर ओता. आधी बुटकी मेणबत्ती विझते. मुले एकदम गप्प होतात आणि मग प्रश्नांचा भडिमार करतात. गुरुजींनी तेव्हा एवढेच विचारावे: विहिरीत आधी कोण बेशुद्ध पडेल, उभा असलेला की गाळ भरायला वाकलेला?

त्याच धाग्यावर स्वयंपाकघरातला गॅस येतो. सिलिंडरमधला गॅसही हवेपेक्षा जड असतो, म्हणून गळती झाली की तो जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली आणि कोपऱ्यांत साचतो. त्याला मुळात जवळजवळ वास नसतो. गळती कळावी म्हणून उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. वास आला की दारे-खिडक्या सताड उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा आणि दिव्याचे किंवा पंख्याचे बटण दाबायचे नाही. थंडीत बंद खोलीत पेटवलेल्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड तर आणखी फसवा. त्याला रंग नाही, वास नाही आणि त्याची घनता हवेएवढीच, म्हणून तो खोलीभर सारखा पसरतो. खाटेवर झोपलेला आणि जमिनीवर झोपलेला, दोघेही सारखेच सापडतात.

पातळ द्रव कुठे जातो

प्रवाहिता हा गुणधर्म शिकवताना मध आणि पाणी यांचे उदाहरण देतात. मी त्यात रॉकेल आणि थिनर यांची भर घालीन. ही द्रव्ये इतकी पातळ असतात आणि पृष्ठभागावर इतक्या झपाट्याने पसरतात की, मुलाने एक घोट घेतला आणि ठसका लागला तर ती अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरून फुप्फुसात पसरतात. मुलाला खरा धोका पोटात गेलेल्या घोटापेक्षा छातीत गेलेल्या थेंबांपासून असतो. घाबरलेले घरचे लोक मुलाला मिठाचे पाणी पाजतात, घशात बोटे घालून उलटी करवतात. उलटीबरोबर तेच द्रव्य परत घशाशी येते आणि दुसऱ्यांदा छातीत जाण्याची संधी त्याला मिळते. म्हणून रॉकेल, पेट्रोल, डिझेल, थिनर यांपैकी काहीही मुलाने प्यायले तर उलटी करवू नये; सरळ दवाखाना गाठावा. आणि त्याआधीची गोष्ट अशी की, ही द्रव्ये पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ठेवूच नयेत. तहानलेल्या तीन वर्षांच्या मुलाला लेबल वाचता येत नाही.

फवारणीच्या औषधांतही विद्राव्यतेचाच खेळ आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ते वर्ष विदर्भ विसरलेला नाही. अनेक कीटकनाशके तेलकट द्रव्यात विरघळलेली असतात. पाण्यात टाकली की दुधासारखी पांढरी होतात, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहे. जे तेलात विरघळते ते कातडीतून आत शिरायलाही सोपे असते. म्हणून अंगावर सांडलेले औषध नुसत्या पाण्याने जात नाही. कपडे ताबडतोब काढायचे आणि साबण लावून भरपूर पाण्याने धुवायचे. तेलकट हात नुसत्या पाण्याने धुवून पाहा आणि मग साबणाने, हा प्रयोग मुले शाळेच्या नळावर करू शकतात. ज्या मुलाने तो केला आहे, ते संध्याकाळी वावरातून आलेल्या बापाला ‘बाबा, आधी साबण लावा’ असे सांगेल. आमच्या भित्तिपत्रकांपेक्षा त्या एका वाक्याचा परिणाम जास्त होईल.

घाम आणि माठ

बाष्पीभवनाने थंडावा येतो, याचे पुस्तकातले उदाहरण माठाचे. विदर्भातल्या उन्हाळ्यात आपले शरीर म्हणजे असाच एक माठ आहे. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. महत्त्वाचा शब्द ‘वाळला’ हा आहे. नुसता निथळून खाली पडलेला घाम थंडावा देत नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून जून महिन्यात पारा उतरला तरी जीव कासावीस होतो. कूलर लावून दारे-खिडक्या घट्ट बंद केल्या की खोलीची तीच अवस्था होते. कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते. उष्माघातात अंग तापलेले असते, माणूस बरळू लागतो किंवा बेशुद्ध पडतो. अशा माणसाला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंग ओले करा आणि वारा घाला. पाणी आणि वारा दोन्ही हवेत, कारण आपल्याला बाष्पीभवन हवे आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. मधल्या वेळात कोणीतरी १०८ क्रमांक फिरवा.

विरघळण्याला माप असते, हेही इथेच सांगतो. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. १९७१ च्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या अशाच द्रावणाने असंख्य जीव वाचवले. ती ताकद प्रमाणात आहे. तेच पाकीट एका पेल्यात कालवले तर द्रावण इतके तीव्र होते की ते शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ‘अंदाजे’ हा शब्द भाजीला चालतो, इथे चालत नाही.

मग शाळेने काय करावे?

यावर शिक्षक मित्र म्हणतील, डॉक्टर, तुम्हाला सांगायला काय जाते? एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग, वरून सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे, प्रयोगशाळेच्या नावाने एक कुलूपबंद कपाट, आणि परीक्षेत विचारणार ‘विद्राव्यता म्हणजे काय?’ त्यांचे म्हणणे खोटे नाही. दोष एकट्या शिक्षकाचा नाहीच. प्रश्न जसा विचारला जाईल, तसेच शिकवले जाईल.

पण साधने नाहीत म्हणून प्रयोग नाहीत, हे कारण मला पटत नाही. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा ग्रामीण शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. खेड्यातली मुले स्वस्त साहित्य वापरून प्रयोग करत आणि निष्कर्ष स्वतः लिहीत. पुढे तो शेकडो शाळांत पोहोचला आणि २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. बंद झाला तरी तीस वर्षे चालला, हेही त्यातून सिद्ध झाले. त्याच कार्यक्रमातून प्रेरणा घेतलेल्या अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात टाकाऊ वस्तूंतून किती तरी वैज्ञानिक खेळणी तयार केली. आपल्याला लागते काय? मीठ, साखर, तुरटी, तेल, साबण, खायचा सोडा, मेणबत्त्या, दोन स्टीलच्या ताटल्या आणि ऊन. ऊन तर आपल्याकडे आठ महिने फुकट आहे.

माझ्या सूचना तीनच आहेत. पहिली, प्रश्न बदला. ‘विद्राव्यतेची व्याख्या लिहा’ याऐवजी ‘बोअरचे पाणी उकळल्यावर त्यातले क्षार जातील का? कारण सांगा’ असे विचारा. प्रश्नपत्रिकेत एवढा बदल करायला पैसे लागत नाहीत. दुसरी, गावातले पाणी तपासायचे किट शाळेत उघडा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देऊन किट देण्याची तरतूद आहे. ही तपासणी वर्षातून दोनदा सहावी-सातवीच्या मुलांसमोर करावी आणि आकडे शाळेच्या फळ्यावर लिहावेत. मुले ते वहीत उतरवतील, घरी नेतील, मागच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहतील. ग्रामसभेत पाण्याचा विषय निघेल तेव्हा बोलायला कोणाकडे तरी आकडा असेल. तिसरी सूचना आमच्या खात्याला: शालेय आरोग्य तपासणीसाठी डॉक्टरांचे पथक शाळेत जातेच. वजन-उंची झाल्यावर त्यांनी एखादा गुणधर्म हातात घेऊन पंधरा मिनिटे बोलावे. कधी विहिरीतला वायू, कधी थिनरची बाटली, कधी ओआरएसचे माप.

एक खबरदारी मात्र हवी. ‘करून पाहा’ म्हणजे काहीही करून पाहा असे नाही. औषधाच्या रिकाम्या बाटल्या, फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा, रॉकेल, यांना मुलांच्या हाती देऊ नये. पाऱ्याचे चकचकीत गोळे मुलांना फार आवडतात. पण तो धातू साध्या तापमानालाही हळूहळू वाफ होऊन हवेत मिसळतो आणि ती वाफ विषारी असते. पदार्थाला चव घेऊन किंवा हुंगून ओळखायचे नसते, हाही याच धड्याचा भाग आहे.

परीक्षेला वेळ आहे. तोवर एक प्रयोग या आठवड्यात प्रत्येक घरात होऊ शकतो. एका ताटलीत तुमच्या घरी पितात ते पाणी आणि दुसऱ्या ताटलीत आरओचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी, दोन्ही मोजून चार-चार चमचे घ्या. वर जाळीदार झाकण ठेवा, म्हणजे धूळ पडणार नाही. गच्चीवर उन्हात ठेवा आणि मुलांना रोज पाहायला सांगा. पाणी आटल्यावर पहिल्या ताटलीत पांढरा थर उरला तर तो पुसून टाकायची घाई करू नका. मुलांना त्यावर बोट फिरवू द्या आणि हे कुठून आले ते त्यांनाच विचारा. नंतर ग्रामपंचायतीत जाऊन पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागा. तो पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे.